गाव, माहेर, आजार

शुगर, बीपी, किडनी, सांधे असे दोन-तीन आजार एकदम सांभाळणाऱ्या बायकांसाठी मोबाइलवर एक ग्रुप करायचा होता. काम माझ्याकडे आलं. ग्रुप कसा असावा हे त्यांनीच ठरवायचं, म्हणून जळगाव-धुळ्याकडच्या काही जणींना मी एरंडोलला एका शाळेच्या खोलीत बोलावलं. टाइप करणं बहुतेकींना जमत नव्हतं, म्हणून आवाजातले मेसेज ठरले. माझा आग्रह एकच होता, की खरं नाव-गाव कोणी सांगू नये.

"नाव नई, गाव नई, मंग बोलानं कोनसंगे? भूतसंगे?" एक अक्का म्हणाल्या. खोली हसली.

आमच्याकडे एसटीत शेजारी बसलेल्या बाईचंही माहेर विचारून, कुठून तरी नातं काढूनच बोलणं सुरू होतं. ग्रुपवरची ओळखही तशीच ठरली. आधी गाव, मग माहेर, मग आजार.

ग्रुप चालला जोरात. एकच आजार असलेलीला तिथे कोणी विचारत नव्हतं. "तुम्ही अजून बालवाडीत," असं सांगून तिला गप्प करायच्या.

एरंडोलजवळच्या एकीने ओळख सांगितली: गाव, माहेर, शुगर, किडनी, डायलिसिस चालू. तिच्या मुलीची सोयरीक नरडाण्याच्या एका घरात ठरत आली होती. डायलिसिसचं तिथे सांगितलं नव्हतं. त्या घरच्या मुलाची मामी धुळ्याची, शुगर आणि सांधे घेऊन त्याच ग्रुपमध्ये होती. माहेर ऐकून तिने बरोबर नातं काढलं.

सोयरीक मोडली. मामीने ग्रुपवरच सांगून टाकलं, "आईची किडनी गेली, उद्या पोरीची जाईल. भाच्याचं लग्न काय दवाखान्याशी लावायचं?"

"वहिनी, तुमच्याही पोरीचं बघताय ना? तुमची शुगर सांगितली का?" ग्रुपमधल्या एकीने मामीला विचारलं.

"मला कुठे शुगर? ते तपासणीत चुकून आलं होतं."

त्या आठवड्यात एकेकीने आपली जुनी ओळख पुसली आणि नवी टाकली. प्रत्येकीच्या घरात कोणी ना कोणी लग्नाचं होतंच. किडन्या सुधारल्या, शुगर उतरली. सगळ्यांना फक्त बीपी राहिलं. बीपीने सोयरीक मोडत नाही.

नावं न सांगता नव्याने सुरू करू, असं मी सुचवलं. "कशाला, ताई? आम्ही बऱ्या आहोत," उत्तर आलं.

मुलीची सोयरीक मोडलेली बाई ग्रुपमध्येच राहिली. तिच्याकडे लपवायला काही उरलं नव्हतं. डायलिसिसहून परतताना माझी शुगर एकदम खाली जाते, तुम्ही सोबत काय खायला नेता, असं तिने विचारलं. मेसेज सगळ्यांनी ऐकला. फोनवर ते दिसतं. तिथल्या तिघी-चौघींना याचं उत्तर तोंडपाठ होतं. खाली हात जोडल्याची दोन चित्रं आली, आणि मामीचा सुप्रभातचा गुलाब.

दुपारी मी तिला फोन केला आणि डॉक्टरांना विचारून लिहून घेतलेलं उत्तर वाचून दाखवलं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. "ते डॉक्टर मलाही सांगतात," ती म्हणाली. "तुम्हाला काय होतंय, ताई? एकही आजार नाही ना?"

मी नाही म्हटलं. तिने फोन ठेवला.