दोनशे वॅटचं खोकं

विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत जिंतूरकडच्या आमच्या गावात माझं स्पीकरचं दुकान होतं. दुकान कसलं, घराची ओसरीच. पण तोरा केवढा! एका साली वस्तीतल्या जयंतीला माझी बायको पहिल्यांदाच भाषण करणार होती, तेही नामांतरावर. माझ्या सासऱ्यांना ते ऐकायचं होतं. नामांतरासाठी जेलात जाऊन आलेला माणूस, आता अर्धांगानं खाटेला खिळलेला. घर ओढ्यापल्याड. खाटेसकट उचलून नेतो म्हटलं तर कडाडले, "मेल्यावर उचलताल की! आत्ता आवाज हिकडं पाठवा."

आमच्याकडं तेव्हा स्पीकरच्या सेटची इज्जत वॅटवर ठरायची. लग्न ठरवतानाही लोक विचारायचे, सेट किती वॅटचा? म्हणून मी शहाण्यानं माझा तीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर अन् जुना कर्णा ठेवला घरी, आणि परभणीहून दोनशे वॅटचा बॉक्स आणला भाड्यानं.

सकाळी लावून पाहिला. मंडपात छाती हादरायली. बायको माहेरी जाऊन ऐकून आली, तोंड पाडून म्हणाली, "नुसतं धबधब यायलंय. शब्द एक न्हाई कळत."

"कान तपासून घे," मी खेकसलो. मग स्वतः गेलो. तिचंच खरं होतं. लय लाज वाटली.

ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद कानीकपाळी ओरडायचे, "मियाँ, डब्ब्यावरचा आकडा म्हणजे एका झटक्याचा दम. दिवसभर किती ओढतो ते विचार. अन् वॅट म्हणजे आवाज नव्हं. तेवढ्याच वॅटचा आवाज कर्ण्यातून शिवार ओलांडतो, खोक्यातून अंगण बी न्हाई." मी हो हो म्हणत चहा प्यायचो. पालथ्या घड्यावर पाणी!

बॉक्स खाली उतरवला. घरून माझा तीस वॅटचा सेट आणला, लिंबावर चढून कर्णा बांधला, तोंड ओढ्याकडं. खाली माणसं फिदीफिदी हसायली, "दोनशे सोडून तीस?"

"हसा लेको," म्हटलं.

संध्याकाळी बायको उभी राहिली. पहिलं वाक्य थरथरलं, मग सुटली ती सुटलीच. अभिमानानं माझा ऊर भरून आला, पण जीव ओढ्यापल्याड.

सभा संपताच दोघं तिकडं पळालो. दारातूनच विचारलं, "मामा, आलं का ऐकू?"

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लेकीला म्हणाले, "लय घाई केलीस. 'आमच्या लेकी बी तिथं शिकणार' म्हणल्यावर दम घ्यायचा होता. पुढच्या साली असं बोल." आणि चालत्या हातानं आम्हाला गप्प करून त्यांनी तिचं अख्खं शेवटचं वाक्य, थांबत थांबत, म्हणून दाखवलं.