पाळकांचे पाय धुतले त्या उन्हाळ्यात

तेलगावच्या फाट्यावर आम्हाला सोडायला अण्णा आले नाहीत. आई गाठोड्यावर बसून सारखी गावाच्या रस्त्याकडं बघत होती आणि मी मनातल्या मनात माझ्या बापाला नको नको ते बोलत होते. एसटी आली. मी ट्रंक चढवली, आईला दंडाला धरून आत घेतलं. पिंपरीला मामाकडं जायचं ठरलं होतं. निघताना अण्णा एवढंच म्हणाले होते, "पाळकांना मी बोलावून आनलंय. त्यांला एकटं टाकून कसा येऊ?" बायको-लेकीला एकटं धाडताना मात्र त्यांना काही वाटलं नाही.

मंडळीतले तुम्ही जे कामासाठी वाळूजला, भोसरीला पांगलात, त्या तुम्हाला हे ठाऊक आहे. तुमच्या मुलांनी मात्र ते पाहिलेलं नाही, म्हणून लिहिते. आपली मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांची मंडळी म्हणजे गावाच्या टोकाची मोजकी घरं आणि पत्र्याचं एक चर्च. जुने पाळक वारल्यापासून रविवारी अण्णाच शास्त्र वाचायचे. नवे पाळक मिळावेत म्हणून त्यांनी पार तेलंगणापर्यंत खेटे घातले. शेवटी एक तरुण पाळक यायला कबूल झाले, तेही नेमके दुष्काळाच्या उन्हाळ्यात. विहिरी आटलेल्या, जनावरं साखर कारखान्याच्या छावणीत. कारखान्याचा टँकर येईल तेव्हा गावाला पाणी.

आपल्यात नव्या पाळकाचं स्वागत हारतुऱ्यांनी होत नाही. मंडळी त्याचे पाय धुते, मग तो एकेकाचे धुतो. बायकांचे त्याची बायको. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. आई म्हणाली, "औंदा वल्या फडक्यानं पुसा. देवाला काय दिसत न्हाई का?" अण्णा कसले ऐकतात! "पुसल्यानं पाळक व्हत न्हाई," म्हणाले. मग प्रत्येक घरातून तांब्याभर पाणी आलं, पिण्यातलं काढून. घमेल्यातलं ते पाणी बघून माझ्या घशाला कोरड पडली. पण खरं सांगू? पाळकांच्या बायकोनं गुडघे टेकून माझ्या भेगाळलेल्या टाचेवरून हात फिरवला, तेव्हा मला रडू आलं. इतक्या मायेनं माझे पाय कुणी हातात घेतले नव्हते.

उकाड्यानं चर्चचं दार उघडं होतं आणि नवे पाळक बघायला गयाबाई दारात उभी होती. गयाबाईचं घर आमच्या भिंतीला लागून. माझ्या जन्माच्या वेळी आईजवळ तीच होती. त्या सकाळी तिची नात पाणी मागून मागून झोपली होती. तिनं घमेलं पाहिलं आणि निघून गेली. ते पाणी आम्ही नंतर शेळ्यांपुढं ठेवलं, शेळ्यांनी तळ चाटला. पण ते बघायला ती थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी तिनं माझी घागर हळूच मागं सारली. "तुमच्याकडं पाय धुवायला पानी हाय. आमी प्यायला भरायलोत. मागं व्हा." कुणी शिवी दिली नाही, कुणी ढकललं नाही. बाकीच्या बायका नुसत्या पुढं सरकल्या. आमची पाळी येईस्तोवर पाइपातून गाळ यायला लागला. मग रोजचंच झालं ते.

पाळकांना कळलं तेव्हा त्यांनी आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत सगळ्यांची माफी मागितली. पण माफीनं घागर भरत नाही. कारखान्याचा माणूस अण्णांना म्हणाला, "तक्रार द्या, तुमच्या वस्तीला येगळा टँकर लावतो." अण्णांनी मान हलवली. "शेजाऱ्याच्या नावानं आपुन तक्रार करत न्हाई." मारलं तरी उलटून मारायचं नाही, कोर्टाची पायरी चढायची नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. शिकवण चांगलीच आहे. पण अण्णा हे बोलत होते तेव्हा आई रिकाम्या घागरीशी बसली होती आणि त्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. याचा मला आजही राग येतो. पाऊस यायच्या आत एकेक घर कुलूप लावून गेलं. जिच्यासाठी पाळक आणले ती मंडळीच उरली नाही. रविवारी पाळक उपदेश करायचे आणि ऐकायला त्यांची बायको आणि अण्णा.

पिंपरीत मी कंपनीच्या कॅन्टीनला लागले. लग्न झालं, वन बीएचके झाला. सोसायटीत लोक पाइप लावून गाड्या धुतात, मी खिडकीतून बघत बसते. आई शेवटपर्यंत तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवायची. ती गेली तेव्हा अण्णा दोन दिवस आले आणि परत गेले. फोनवर मी भांडायचे, "कशापायी राहिलात तिथं?" ते म्हणायचे, "पाळक बरे हायत. तुमी कश्या हाव?"

मधली काही सालं बरी गेली, ऊस उभा राहिला, पण परत कुणी गेलं नाही. तुम्ही नाही, मीही नाही. मग पुन्हा टँकर सुरू झाले आणि त्याच उन्हाळ्यात पाळकांचा फोन आला. अण्णा गेले होते. मी पोचले तेव्हा कबर खणून तयार होती. खणणाऱ्यांत गयाबाईचा मुलगा होता. गीत म्हटलं ते पाळकांनी आणि त्यांच्या बायकोनं, दोघांनीच. मला शब्द आठवेनात.

सकाळी टँकर आला. पाळकांच्या घरची घागर घेऊन मी गेले आणि सवयीनं सगळ्यांच्या मागं उभी राहिले. गयाबाई आता पार वाकली आहे. तिनं मला ओळखलं, हाताला धरून रांगेच्या तोंडाशी नेलं आणि बायकांना म्हणाली, "सरका गं. पावनी हाय ती. तिला आदी भरू द्या."

बायका मायेनं बाजूला झाल्या. माझी घागर भरून वाहायला लागली. आम्हाला रांगेच्या शेवटी उभं केलं होतं, तेव्हा आम्ही त्या गावचे तरी होतो.