शंकररावाचं घर लांब होतं तेव्हा

आमच्या विठ्ठलवाडीच्या चाळीतला शंकरराव भोपी म्हणजे एक नंबरचा चिकट माणूस. पाहुण्याला चहा पाजायचा म्हटलं की हा दूध संपल्याचं सांगतो. म्हणून आयुष्यभर त्याने नातेवाइकांना एकच थाप मारली, "घर स्टेशनपासून लय लांब आहे, रिक्षावालेपण येत नाहीत. कशाला हाल करून घेता?" बदलापूरची थोरली बहीण भिमाताई गुडघ्यांनी बेजार. ती बिचारी दरवर्षी राखी पोस्टाने पाठवायची.

मग नवा नियम आला. स्टेशनजवळच्या चाळी पाडून तिथे जास्त मजल्यांचे टॉवर बांधायला परवानगी! बिल्डरची माणसं पाहणीला आली आणि मोठ्या फ्लॅटच्या आशेने शंकररावाची जीभ सैल सुटली. "जवळ म्हणजे काय साहेब! अनाउन्समेंट ऐकून मी घरात चप्पल घालतो आणि तीच गाडी पकडतो!" कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. गडी इतका खूश झाला की त्याने स्वतःच तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. काय म्हणावं या अकलेला!

दुसऱ्या दिवशी सकाळी भिमाताई दारात उभी. शंकरराव आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता चहा ठेवायला धावला.

"राहू दे तो चहा," ती म्हणाली. "स्टेशनवरून चालत आले रे शंकर. गुडघा दुखायच्या आत तुझं दार आलं. आणि मी मेली इतकी वर्षं पोस्टाची तिकिटं चाटत बसले!"