शहाणा केलेला कुत्रा

कुत्रा माझ्या मनाविरुद्ध घरात आला. डिंडोलीतल्या दोन खोल्यांत लॅब्रेडॉर कशाला, असं मी विचारलं होतं. पण ह्यांच्या डाइंग मिलमधल्या साहेबाकडे होता, म्हणून आमच्याकडेही पाहिजे होता. पिल्लू होतं तोवर ह्यांनी मांडीवर घेऊन फोटो काढले. पुढे त्याने सोफा फाडला, मुलीच्या चपला कुरतडल्या, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारल्या. मग त्याला बाल्कनीत बांधलं. बांधल्यावर तो दिवसभर भुंकायचा, आणि भुंकतो म्हणून दोरी आणखी आखूड केली.

ह्यांनी एक ट्रेनर लावला. तो छडी घेऊन यायचा. पंधरा दिवसांत नुसतं "बैठ" म्हटलं की कुत्रा जमिनीला चिकटून मुतायला लागला.

"बघ, कसा सरळ झाला," हे म्हणाले.

एका संध्याकाळी कुत्रा जेवत असताना ह्यांनी त्याचं ताट ओढलं आणि तो गुरगुरला. ह्यांनी त्याला कमरेच्या पट्ट्याने मारलं. मी आत शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होते. सगळं ऐकू येत होतं. मी उठले नाही.

लस द्यायला मात्र मीच त्याला घेऊन गेले. डॉक्टर एक गुजराती बाई होत्या. त्यांनी हात लावायच्या आधी त्याला जरा वेळ खोली हुंगू दिली.

"बेन, हा दिवसभर करतो काय?"

"बांधलेला असतो."

"ते नाही विचारलं. करतो काय?"

मी त्याच्या गुरगुरण्याचं सांगितलं. पट्ट्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवली. "गुरगुरतो म्हणजे तो सांगतोय, मला भीती वाटते, थांबा. ते सांगणं मारून बंद केलंत, तर उद्या न सांगता चावेल." उगाच दिलेली जांभई, ओठांवरून फिरणारी जीभ, डोळ्याच्या कडेला दिसणारं पांढरं, हे सगळं त्यांनी मला त्याच्याच तोंडावर दाखवलं. मी वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. घाबरलेलं पोर मला ओळखू येतं असं मी समजत होते.

ट्रेनरला मी शाळेतूनच फोन करून नको म्हणून सांगितलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं करायला लागले: सकाळी फिरायला नेलं की ओढायचं नाही, हवं तिथे थांबून हुंगू द्यायचं. भाकरीचे तुकडे साड्यांच्या चिंध्यांमध्ये गुंडाळून बादलीत ठेवायचे, तो नाकाने एकेक शोधून काढायचा आणि दमून झोपायचा. बेल वाजल्यावर चार पाय जमिनीवर राहिले की लगेच शेंगदाणा. आधी मुलगी दाराबाहेर उभी राहून बेल वाजवायची, नंतर शेजारच्या बायका.

"कुत्राले शाळा शिकाडी ऱ्हायनी का तू?" हे अहिराणीत हसायचे.

चार-पाच महिने गेले. बेल वाजली की तो आपल्या गोणपाटावर जाऊन बसायला लागला. ताटाजवळ हात नेला तर शेपटी हलवायचा. ह्यांच्यापासून मात्र दोन हात लांबच राहायचा. घरात माझं म्हणावं असं पहिल्यांदा काहीतरी जमलं होतं.

आता ह्यांना तो पुन्हा आवडू लागला. पाहुण्यांना दाखवायचे, "मी ट्रेन केलाय." अशाच एका रविवारी मिलला रंग पुरवणारा एक व्यापारी आला. त्याची कामरेजजवळ वाडी होती. त्याला कुत्रा फार आवडला. मंगळवारी मी शाळेतून आले, तर गोणपाट रिकामं होतं.

"तिथे मोकळी जागा आहे," हे म्हणाले. "आणि त्यांना नाही कसं म्हणायचं?"

"मला विचारायचं तरी."

"तुला तर आधी नकोच होता ना?"

मी तीन आठवड्यांनी वाडीवर गेले. तो पाण्याच्या पंपाजवळ साखळीला होता, मान सोलली होती. मला पाहिल्यावर उडी मारली नाही. चार पाय जमिनीवर ठेवून बसला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी शिकवलं होतं तसंच.

व्यापारी म्हणाला, "भाभी, हा कामाचा नाही. अनोळखी माणूस आला तरी भुंकत नाही. तुम्ही बिघडवला याला. पाहिजे तर घेऊन जा."

मी तिथूनच ह्यांना फोन केला.

"दिलेला कुत्रा परत आणतात का? उद्या मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

साखळी सोडायला दोन मिनिटं लागली असती. रिक्षा उभी होती. मी त्याच्या पुढ्यात भाकरी ठेवली आणि निघाले. तो माझ्यामागे भुंकला नाही.

पावसाळ्यानंतर कळलं की तो एका मजुराला चावला, आणि व्यापाऱ्याने त्याला हायवेवर सोडून दिलं. मी दोन रविवार कामरेजच्या नाक्यावर, धाब्यांमागे शोधत फिरले. धाबेवाले म्हणाले, असे बरेच येतात.

डॉक्टरबाई एकदा भाजीबाजारात भेटल्या. "कसा आहे तो?"

"गावी पाठवला," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मेथी निवडायला लागल्या.

हल्ली हे पुन्हा म्हणतात, एक पिल्लू आणू, तुला तर आता शिकवता येतं. मी नाही म्हणते. ह्यांना वाटतं, मला अजून त्याचं दुःख आहे. मला माझी लाज वाटते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.