समासातली पेन्सिल

वाचनालयातल्या बाई पुस्तक देता देता थांबल्या. "कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, खोडून देऊ का?" मी घाईघाईनं नको म्हटलं.

दुपारी खिडकीशी वाचत बसलो आणि एका परिच्छेदावर अडलो. सवयीनं फोटो काढून चॅटबॉटला विचारलं. त्यानं क्षणात समजावलं. त्याचं उत्तर कळलं. परिच्छेद मात्र तसाच धूसर राहिला.

मग समासातली फिकट अक्षरं दिसली. 'कळलं नाही. उद्या पुन्हा.' त्याखाली, 'आजही नाही.'

ऊन पानावरून हळूहळू सरकत होतं. वाटलं, चॅटबॉट कधी अडतच नाही, त्यामुळे त्याच्याशेजारी नुसतं अडून बसता येत नाही. मी फोन पालथा ठेवला. पेन्सिल शोधली आणि त्या अक्षरांखाली बारीक लिहिलं, 'मलाही नाही. उद्या दोघं मिळून बघू.'