चंपाबाईची हाळी

पोहरादेवीच्या वाटेवर आमची पिठाची चक्की आहे. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बाया दळण घेऊन येतात. त्यांत चंपाबाई असली की चक्की चालू असतानाही तिचं बोलणं रस्त्यापलीकडं ऐकू जातं. तसा आवाजच देवानं तिला दिला आहे. या आवाजानं एकदा रेल्वेचा रूळ हलवला, हे मात्र मला अलीकडंच कळलं.

तिचा नवरा फुलसिंग रूळ टाकणाऱ्या टोळीत हाळीवाला होता. सरळ लाइन आता मशीन टाकते. पण वळणावर, सांध्यांवर अजून माणसंच लागतात. गडी रुळाखाली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून ओळीनं उभे राहतात. हाळीवाला गाण्याची ओळ म्हणतो, शेवटच्या शब्दावर सगळे एकदम जोर लावतात आणि रूळ बोटभर सरकतो. एकाचाही जोर मागंपुढं झाला तर रूळ जागचा हालत नाही, उलट सब्बल उसळून कोणाच्या तरी नडगीवर बसते.

दोन वर्षांमागं ही टोळी पार उत्तरेला गेली होती. तिकडं पहाडात लोखंडाच्या दगडाची खाण निघाली. माल अमाप, पण खाली आणायला धड रस्ता नाही; पावसाळ्यात ट्रकची चाकं अर्धीअर्धी रुतायची. म्हणून खाणीच्या तोंडापर्यंत रेल्वे न्यायचं ठरलं. आमच्या इकडच्या तांड्यावरून गडी गेले, त्यांच्या बाया गिट्टी वाहायला गेल्या. "थंडी अशी, ताई, का बाटलीतलं खोबऱ्याचं तेल चुलीपाशी ठेवा लागे," चंपाबाई सांगते. डोंगर पोखरून कोणाचं किती भलं होईल ते देव जाणे. पण ज्याच्या घरी चूल आहे त्याला काम सोडून चालत नाही.

वर्षानुवर्षं गिट्टीच्या धुळीत ओरडून फुलसिंगचा घसा आतून सोलल्यासारखा झाला होता. तिथं त्याचा आवाज पार बसला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, ओरडायचं नाही. ओरडलात तर उरलासुरला आवाजही कायमचा जाईल.

नेमकं तेव्हा माल भरायच्या जागेजवळचं वळण राहिलं होतं. मुकादम उदयसिंगनं, हा नात्यानं चंपाबाईचा दीर, स्वतः हाळी देऊन पाहिली. तो घाईत ओळ संपवायचा, गडी मागं राहायचे. दुसऱ्यानं म्हटली तर सगळ्यांना हसू आलं. एकाच्या पायावर सब्बल आली. काम बघणारे इंजिनियर माणूस वाईट नव्हते, पण खाणीची पहिली गाडी सुटायचा दिवस वर ठरून गेलेला. ते म्हणाले, "नहीं होता तो बोलो, मैं दूसरी टोली बुलाता हूँ."

हे ऐकून फुलसिंगनं गळ्याचा मफलर सोडला आणि तो उठला. चंपाबाईनं डोक्यावरची टोपली तिथंच टाकली.

"तुमी काहून उठून राह्यले? बसा गुमान."

त्यानं नुसता टोळीकडं हात केला.

"दिसून राह्यलं मले. मी देते हाळी."

उदयसिंग म्हणाला, "भाभी, बाईच्या हाळीवर रूळ हालला असं आजवर कोनी पायलं नाई."

"मंग आज पाय."

म्हणायला म्हणाली, पण म्हणावं काय? गड्यांच्या ओळी तिला पाठ होत्या, पण त्या चारचौघांत बाईनं म्हणाव्यात अशा नव्हत्या. मग तोंडात आला तो ढावलो. लेक सासरी निघताना बापाच्या, भावाच्या गळ्यात पडून सूर लावून रडते, ते बंजाऱ्यांचं गाणं. सूर लांब असतो, शेवटाला जोर लावता येईल, एवढाच विचार तिनं केला.

पहिली ओळ संपली आणि कोणाचाच हात हालला नाही. सगळे खाली मान घालून उभे. एकानं दुपट्ट्यानं डोळे पुसले. इंजिनियर घाबरले. "क्या हुआ? किसी के घर में कुछ हो गया क्या?"

उदयसिंग म्हणाला, "इकडं याच्या आदीच बहीण सासरी धाडली मी, भाभी. हे कायले म्हनतं?"

इंजिनियरांनी खिशातून फोन काढला.

चंपाबाई सांगते, "मले असा राग आला, ताई. माह्यावरच." त्या रागातच तिनं होळीची चाल धरली. होळीला तांड्यात बायांचं राज्य असतं. त्या काठ्या घेऊन गड्यांना झोडपतात, गाण्यातून एकेकाची खोड काढतात, आणि गड्यानं रागवायचं नाही अशी रीत आहे. तिनं गोरमाटी या आपल्या बंजारा बोलीत जे म्हटलं त्याचा अर्थ असा, उदयसिंगची मिशी केवढी, अन् हातात नाही दम. "दम" म्हणताच सगळ्या ओळीनं चेवानं जोर लावला. रूळ सरकला. मग पुढचा गडी. सासुरवाडीला परातभर जेवतो, इथं त्याला सब्बल जड. रूळ आणखी सरकला. फोन खिशात गेला.

तेवढ्यात फुलसिंगही सब्बल घेऊन ओळीत उभा राहिला. आता त्याची पाळी. नवऱ्याचं नाव ती घेत नाही, आणि खोड काढावी तर त्याचं दुखणं सगळ्यांपुढं उघडं व्हायचं. गडी वाट बघत थांबले. त्याला सोडून पुढच्याला घेतलं असतं तर तो टोळीतला राहिलाच नाही असं झालं असतं. तिनं डोळे मिटले आणि लेकाचं नाव पुढं करून म्हटलं, गोलूचा बाप झाला मुका, घरात आता माझंच राज.

"पाहाची हिंमत नोयती, ताई. मंग पायलं, तं त्याचे खांदे हालून राह्यले. म्या म्हटलं रडते का काय. तं थो हासून राह्यला होता."

वळण पुरं व्हायला आणखी आठ दिवस लागले, पण वेळेत झालं. दुसऱ्या दिवसापासून फुलसिंग सब्बल खांद्याला टेकवून तिच्या जवळचीच जागा धरू लागला. कोणाची कोणती खोड आहे ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तो नवीन ओळ जुळवून हळूच तिच्या कानात सांगायचा, ती पहाड दुमदुमेल अशी म्हणायची. एखाद्या ओळीला मात्र ती मान हलवायची, "हे नाई म्हनत मी, बाया आहेत इथं." मग त्याला दुसरी जुळवावी लागायची, आणि तोवर सगळी टोळी सब्बल धरून थांबायची.