शाफ्ट रिक्षात, गाडी चढावर

भुतंखेतं, अंगात येणं, कौल लावणं... मी यातलं काहीच मानत नाही. मी ड्रायव्हर माणूस, माझा विश्वास ब्रेकवर. तरी २००४ सालचं हे प्रकरण मला आजतागायत सुटलेलं नाही.

आमची वाडी रत्नागिरीजवळच्या पालीपासून जवळच, पण शेवटचा चढ असा उभा की बैलसुद्धा विचार करतो. दरवर्षी वाडीतले सगळे गणपती माझ्या डिझेल पिकअपमधून यायचे. आदल्या वर्षी चढावरच क्लच घसरला, गाडी मागे आली आणि भागीकाकूच्या गणपतीचा हात मोडला. बिचारीने सुपारी पुजून सण काढला. वर सगळ्यांदेखत सांगितलं, "माजा बाप्पा तुज्या गाडीत परत नाय चढायचा!" मला फार लागलं ते.

म्हणून त्या वर्षी गाडी हसनचाचांकडे टाकली. चाचा मस्कतला मोठे ट्रक खोलून आलेले. भारी क्लचप्लेट, मोठ्या गाडीचा गिअरबॉक्स — सगळं नवं. "शुक्रवारी दुपारी घेऊन जा," म्हणाले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी पालीत गॅरेजवर गेलो. चाचा नव्हते, नमाजला गेले असतील. गाडी बाहेर उभी, चावी गाडीलाच. मी काढली आणि थेट मूर्तिकाराकडे. काय क्लच होता! लोण्यासारखा.

भागीकाकूला हातापाया पडून तयार केलं. पण ती मागे हौद्यात बसली, मांडीवर गणपती घेऊन. "आता हात मोडला तर माजा मोडूदे," म्हणाली. सगळे गणपती चढले, नारळ फुटला, निघालो. चढाला पहिला गिअर टाकला... गाडी हूं की चूं न करता वर! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काकू उतरली, गणपतीचे चारही हात तपासलेन आणि प्रथमच हसली.

गणपती घराघरांत गेले आणि खालून एक रिक्षा धापा टाकत आली. आत चाचा, आणि रिक्षातून एक लांब लोखंडी दांडा बाहेर आलेला.

"गाडी हितं कोनी आनली?"

"मीच! चाचा, एक नंबर काम झालंय!"

"अरे, पण आनलीस कशी? तुजा शाफ्ट तर ह्यो! नव्या गिअरबॉक्सला लांब पडला म्हनून रत्नागिरीला लेथवर कापायला नेलेला मी!"

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो — इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवतो तो हाच दांडा. तो नसेल तर गाडी जागची हलत नाही. मी गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत नुसती मोकळी हवा! परत स्टार्ट केली, गिअर टाकला... इंजिन बोंबलतंय, चाक ढिम्म.

चाचाही गाडीखाली वाकून बघून आले. "मस्कतला पन असला काय बगितला नाय," म्हणाले. मग चहा पिऊन त्यांनी शाफ्ट बसवला. दुसऱ्या दिवशी काकूने त्यांना मोदकांचा डबा पाठवला.

मी पुष्कळ मेकॅनिकांना विचारलं. सगळे आधी हसतात, मग माझ्या तोंडाचा वास घेतात.

भागीकाकूला मात्र प्रश्नच पडलेला नाही. अजून दरवर्षी मांडीवर गणपती घेऊन हौद्यात बसते आणि चढ आला की काच ठोकून विचारते, "काय रे, तो दांडा काढून ठेवलास ना? त्याच्याबिगर बरी चालते गाडी!"